मूल, विमा आणि राज्याचा कायदा

अमेरिकेतल्या वंध्यत्व-उपचार केंद्रात डॉक्टरांच्या खोलीइतकीच महत्त्वाची आणखी एक खोली असते. तिथे केंद्राचा आर्थिक समुपदेशक बसतो. तपासण्यांचे रिपोर्ट डॉक्टर वाचतात, विम्याचं कार्ड हा वाचतो. पॉलिसी कोणत्या राज्यात काढलेली आहे, नोकरी देणारी कंपनी किती माणसांची आहे, ती विमा कंपनीकडून पॉलिसी विकत घेते की कर्मचाऱ्यांच्या आजारपणाचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून भागवते, हे त्याला आधी कळायला हवं असतं. बाईचं वय तेच, बंद गर्भनलिका त्याच, नवऱ्याचे रिपोर्टही तेच, अशी दोन जोडपी एका पाठोपाठ त्याच्यासमोर बसली, तरी दोघांना वेगवेगळी उत्तरं मिळू शकतात. एकाला औषधांचा थोडा वाटा तेवढा भरावा लागतो. दुसऱ्याच्या हातात अंदाजपत्रक पडतं. आयव्हीएफच्या एका सायकलला तिथे साधारण पंधरा ते वीस हजार डॉलर लागतात, इंजेक्शनं आणि जनुकीय तपासण्या धरल्या तर आकडा आणखी चढतो, आणि पुष्कळांना एका सायकलमध्ये यश येत नाही.

या दोन उत्तरांमधलं अंतर कमी करण्यासाठी अमेरिकेतल्या राज्यांनी गेली चाळीस वर्षं कायदे केले आहेत. वंध्यत्वावरच्या उपचारांचा खर्च विमा कंपन्यांनी उचललाच पाहिजे, असं सांगणारे हे कायदे आज वीसहून अधिक राज्यांत या ना त्या रूपात आहेत. त्यांच्याकडे बहुतेक वेळा दयेच्या नजरेनं पाहिलं जातं: मूल नसलेल्यांना सरकारनं केलेली मदत. माझ्या मते ही नजर चुकीची आहे. उपचाराचे पैसे कोण आणि कसे देतो, यावर उपचार कोणता होईल, किती सुरक्षित होईल, हेसुद्धा ठरतं. विमा नाकारणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे. त्या नकारातही एक वैद्यकीय निर्णय असतो, फक्त तो घेणारा डॉक्टर नसतो. म्हणून कायदा आहे की नाही एवढंच विचारून भागत नाही. कायद्याची कड नेमकी कुठे येते आणि त्या कडेवर कोण उभं आहे, ते पाहावं लागतं.

एक नाव, अनेक कायदे

अमेरिकेतली पहिली टेस्ट ट्यूब बेबी डिसेंबर १९८१ मध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोक इथे जन्मली. त्यानंतर चारच वर्षांनी, १९८५ मध्ये, शेजारच्या मेरीलँडनं आयव्हीएफचा खर्च विम्यात घ्यायला लावणारा कायदा केला. १९८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सनं केला, आणि तो आजही सर्वांत उदार कायद्यांत गणला जातो: सायकलींच्या संख्येवर किंवा आयुष्यभराच्या खर्चावर त्यात कायद्यानं घातलेली मर्यादा नाही. गर्भधारणेला जसं विम्याचं संरक्षण, तसंच वंध्यत्वाच्या निदानाला आणि उपचाराला, एवढं साधं तत्त्व त्यामागे आहे.

त्याच १९८७ साली टेक्सस आणि हवाई या राज्यांनीही कायदे केले, पण हाताला लागणारी गोष्ट अगदी वेगळी. हवाईत आयव्हीएफचा खर्च मिळतो, पण एकदाच. टेक्ससमध्ये विमा कंपनीनं हे संरक्षण मालकाला फक्त देऊ करायचं. घ्यायचं की नाही ते मालकानं ठरवायचं. मालक ‘नको’ म्हणाला की कायदा तिथेच संपतो, आणि असा प्रस्ताव आला होता हे कर्मचाऱ्याच्या कानावरही येत नाही. कॅलिफोर्नियाचा १९८९ चा कायदाही देऊ करण्यापुरताच होता आणि त्यातून आयव्हीएफ सरळ वगळलेलं होतं. लोकसंख्येनं देशातलं सर्वांत मोठं राज्य, तंत्रज्ञानात सर्वांत पुढे, आणि कायदा मात्र आयव्हीएफच्या दारापर्यंत आणून सोडणारा. तो बदलायला २०२४ साल उजाडलं. मोठ्या कंपन्यांच्या पॉलिसींनी तीन वेळा बीजांडं काढण्यापर्यंतचा खर्च द्यावा, असा कायदा त्या वर्षी झाला आणि अंमलबजावणी लांबत जानेवारी २०२६ वर गेली.

मधल्या राज्यांनी मधल्या वाटा काढल्या. इलिनॉयनं १९९१ मध्ये चार वेळा बीजांडं काढण्याचा खर्च मान्य केला, पण पंचवीसपेक्षा जास्त कर्मचारी असतील तरच. न्यू जर्सीनं २००१ मध्ये पन्नासची अट घातली. अर्कान्सासमध्ये विमा कंपनी आयुष्यभरासाठी पंधरा हजार डॉलरची मर्यादा घालू शकते; आजच्या दरानं त्यात धड एक सायकलही बसत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२० पासून शंभरहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकांच्या पॉलिसींना तीन सायकली द्याव्या लागतात. म्हणजे दहा जणांच्या दुकानात काम करणारी बाई अशा अटी असलेल्या राज्यांत बाहेरच राहते. तिचा आजार लहान नाही, तिचं दुकान लहान आहे.

लहान मालक वगळण्यामागे हप्ता वाढण्याची भीती तर आहेच, पण २०१० च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्यातलं एक कलमही आहे. ओबामांच्या काळातल्या या कायद्यानं अत्यावश्यक आरोग्यसेवांची यादी ठरवली आणि तिच्यात वंध्यत्वाच्या उपचाराला स्वतंत्र जागा दिली नाही. २०११ नंतर एखाद्या राज्यानं त्या यादीबाहेरची सेवा वैयक्तिक आणि लहान मालकांच्या पॉलिसींवर लादली, तर तिचा वाढीव खर्च त्या राज्यानं आपल्या तिजोरीतून भरायचा. साहजिकच नवे कायदे करणारी राज्यं मोठ्या कंपन्यांच्या गटाकडे वळली.

मूल होत नाही, हे सिद्ध कसं करायचं

आता कायद्याच्या व्याख्येकडे. नियमित, गर्भनिरोधक न वापरता शरीरसंबंध असूनही बारा महिन्यांत गर्भ राहिला नाही तर वंध्यत्व, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या. पस्तिशी उलटलेल्या बाईला सहा महिन्यांनंतर तपासणीला यायला सांगतात, कारण बीजकोशातला साठा आणि बीजांडांची प्रत दोन्ही वयाबरोबर उतरत जातात. वैद्यकशास्त्रात ही व्याख्या तपासणी कधी सुरू करायची हे सांगते. विम्याच्या कायद्यात आली की ती पात्रतेची परीक्षा होते.

टेक्सस आणि हवाईच्या कायद्यांनी पाच वर्षांच्या वंध्यत्वाचा इतिहास मागितला. एंडोमेट्रिऑसिस, बंद गर्भनलिका अशा काही निदानांना त्यातून सूट आहे. पण कारण न सापडलेल्या वंध्यत्वात, जे कमी नसतं, पाच वर्षं थांबायचं. चौतिसाव्या वर्षी लग्न झालेल्या बाईनं हे पाळलं तर तिला विमा मिळेपर्यंत ती एकोणचाळीसची होते, आणि त्या वयात एका सायकलमधून मूल होण्याची शक्यता चौतिशीच्या मानानं बरीच खाली आलेली असते. म्हणजे अट पुरी करता करता उपचाराची उपयुक्तताच झिजते. शिवाय तेव्हा जास्त सायकली लागतात, म्हणजे विमा कंपनीचा खर्चही वाढतो.

याच कायद्यांत बाईचं बीजांड आणि तिच्या नवऱ्याचाच शुक्राणू अशीही अट घातली गेली. नीतिमत्तेच्या नावाखाली आलेल्या या अटीचा फटका कोणाला बसतो? ज्या पुरुषाच्या शरीरात शुक्राणूच तयार होत नाहीत, त्याच्या जोडप्याला. वंध्यत्वाच्या निम्म्याच्या आसपास प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर. त्यातल्या सर्वांत गंभीर स्थितीत दात्याचा शुक्राणू हाच मार्ग उरतो, आणि नेमका तिथे कायदा हात काढून घेतो. न्यू जर्सीच्या मूळ कायद्यात पस्तिशीच्या आतल्या बाईनं दोन वर्षं संबंध ठेवून प्रयत्न केल्याचं दाखवावं लागे. समलिंगी जोडप्यांतल्या बायकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिलं, आणि २०१७ मध्ये व्याख्या रुंदावली.

मॅसॅच्युसेट्सनं २०१० मध्ये आपल्या कायद्यात केलेली एक दुरुस्ती मला या सगळ्या मजकुरात सर्वांत समंजस वाटते. पस्तिशीनंतरची मुदत सहा महिन्यांवर आणली, हे तर झालंच. पण गर्भ राहून पडला, तर तो राहायला लागलेला काळही मुदतीत धरायचा, असंही लिहिलं. आधी अशा बाईचं घड्याळ पुन्हा शून्यावर जायचं: गर्भ राहिला होता, म्हणजे वंध्यत्व नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईला हा हिशेब सांगणारं पत्र कोणीतरी टाइप करत असे. तो थांबवायला दोन ओळी पुरल्या.

कर्करोगाच्या रुग्णांचा प्रश्न याहून वेगळा. सव्विशीतल्या मुलीची केमोथेरपी पुढच्या पंधरवड्यात सुरू व्हायची असेल, तर तिची बीजांडं त्याआधी गोठवून ठेवावी लागतात. तिनं बारा महिने प्रयत्न केलेला नसतो. लग्नही झालेलं नसेल. २०१७ मध्ये कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडनं अशा रुग्णांसाठी जननक्षमता जपण्याचा खर्च विम्यात आणला, आणि नंतर अनेक राज्यं त्या वाटेनं गेली.

पैसा प्रयोगशाळेत पोचतो तेव्हा

पैसे कोण देतो यावर उपचार ठरतो, याचा मुख्य पुरावा प्रयोगशाळेतला आहे. आयव्हीएफमध्ये इंजेक्शनं देऊन एकाच महिन्यात अनेक बीजांडं वाढवतात, ती सुईनं बाहेर काढतात, शुक्राणूंशी फलन घडवतात, आणि तयार झालेल्या भ्रूणांपैकी काही गर्भाशयात सोडतात. ‘काही’ म्हणजे किती, हा निर्णय डॉक्टर आणि जोडपं मिळून घेतात. एक सोडलं तर यशाची शक्यता थोडी कमी, पण जुळं-तिळं होण्याचा धोकाही कमी. तीन सोडली तर उलट. घर गहाण टाकून आलेलं, पुन्हा येणं न परवडणारं जोडपं काय म्हणेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. डॉक्टरांनाही त्यांना ‘एकच सोडू’ म्हणणं जड जातं, विशेषतः यशाची टक्केवारी जाहीर करून केंद्रांमध्ये स्पर्धा चालू असताना.

तरुण जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापलेल्या अभ्यासात देशभरातल्या केंद्रांची १९९८ ची आकडेवारी तपासली. विम्याचं पूर्ण संरक्षण सक्तीचं असलेल्या राज्यांत आयव्हीएफचा वापर संरक्षण नसलेल्या राज्यांच्या अडीच पटींहून अधिक होता, हे अपेक्षितच. पण त्या राज्यांत दर सायकलला सोडलेली भ्रूणं कमी होती, आणि तीन किंवा अधिक गर्भ राहिलेल्या गर्भधारणांचं प्रमाणही कमी होतं. दर सायकलमागे गर्भ राहण्याचं प्रमाणसुद्धा तिथे कमी होतं, आणि विरोधक याकडे बोट दाखवतात. पण ती कमी टक्केवारी हीच संयमाची किंमत आहे. पुढची संधी हाताशी असल्यामुळे ही जोडपी एका डावात सगळं पणाला लावत नव्हती.

तिळं म्हणजे बहुतेक वेळा अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळं, आठवडेच्या आठवडे नवजात अतिदक्षता विभाग, आईला रक्तदाब आणि रक्तस्रावाचा धोका. हा सगळा खर्च विमा कंपनी भरतेच, कारण बाळंतपण आणि नवजात शिशू पॉलिसीत असतात. आयव्हीएफ नाकारून वाचवलेला पैसा असा दुसऱ्या खिडकीतून बाहेर जातो, आणि बरोबर त्या बाळाचं आरोग्यही जातं. बेल्जियमनं हा हिशेब उघडपणे मांडला. जुलै २००३ पासून तिथे सहा सायकलींपर्यंत प्रयोगशाळेचा खर्च सरकारी विमा देतो, आणि बदल्यात भ्रूणांच्या संख्येवर वयानुसार बंधन आहे. तरुण बाईच्या पहिल्या प्रयत्नात एकच. तिथलं जुळ्यांचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. त्यानंतर अमेरिकेतही वैद्यकीय मार्गदर्शन कडक झालं, भ्रूणं गोठवण्याचं तंत्र सुधारलं, आणि आज एकच भ्रूण सोडणं रूढ झालं आहे. पण खिशातून पैसे भरणाऱ्याच्या मनावरचा ताण तंत्रानं जात नाही.

एडिसनचं घर, बाहेरची पॉलिसी

अमेरिकेतल्या मराठी घरांना हा विषय फार जवळून भिडतो. शिक्षण, व्हिसा, नोकरीतली स्थिरता यांत पहिल्या मुलाचा विचार तिशीच्या पुढे सरकतो, आणि न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स या आपली वस्ती दाट असलेल्या राज्यांत कायदा आहे, हे ऐकून धीर येतो. पण राहण्याच्या पत्त्याला इथे फारसा अर्थ नसतो. कंपनीची पॉलिसी ज्या राज्यात काढली जाते, साधारणपणे त्या राज्याचा कायदा तिला लागू होतो. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या माणसाच्या कंपनीचं मुख्यालय आणि पॉलिसी दुसऱ्या राज्यातली असली, तर न्यू जर्सीचा कायदा त्याच्या दाराबाहेरच थांबतो.

त्याहून मोठी फट १९७४ च्या एरिसा नावाच्या केंद्रीय कायद्यानं पाडली आहे. कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचं रक्षण करायला आलेल्या या कायद्यात असं ठरलं, की जो मालक विमा विकत न घेता स्वतःच खर्च भागवतो, त्याच्या योजनेवर राज्यांचे विमा कायदे चालणार नाहीत. कार्डावर नामांकित विमा कंपनीचं चिन्ह असतं, पण ती फक्त कागदपत्रं सांभाळते. पैसा मालकाचा असतो. मालकाकडून आरोग्यविमा मिळणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक आज अशा योजनांत आहेत. म्हणजे राज्याच्या विधिमंडळानं कितीही उदार कायदा केला तरी निम्म्याहून अधिक माणसं त्याच्या कक्षेत येतच नाहीत. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या स्वतःहून भरघोस लाभ देतात, पण ती मालकाची मर्जी, हक्क नव्हे. नोकरी बदलली की वार्षिक कपातीची रक्कम (डिडक्टिबल) पुन्हा पहिल्यापासून भरायची, पूर्वमंजुरी पुन्हा मागायची. व्हिसाच्या बंधनात असलेल्या माणसासाठी उपचार अर्धवट राहण्याचा हा एक ठरलेला मार्ग आहे. नोकरी घेताना पगाराच्या पत्राबरोबर योजनेचा सविस्तर दस्तऐवज मागावा आणि ती मालकाच्या स्वखर्चाची आहे की विकत घेतलेली, हे मनुष्यबळ विभागाला स्पष्ट विचारावं. हा प्रश्न विचारण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आक्षेपांकडे

पहिला आक्षेप: विमा आजारासाठी असतो, मूल ही इच्छा आहे. संसर्गानं गर्भनलिका बंद होणं ही इच्छा नव्हे. मूल होण्याची क्षमता ही माणसाच्या जगण्यातली प्रमुख क्रिया आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये ब्रॅगडन विरुद्ध ॲबट या खटल्यात म्हटलं. तो खटला वंध्यत्वाचा नव्हता. एचआयव्ही असलेल्या बाईला दंतवैद्यानं नाकारल्याचा होता. विम्याच्या खटल्यांत मात्र ही दिशा टिकली नाही. २००३ मध्ये सॅक्स विरुद्ध फ्रँकलिन कोव्ही या प्रकरणात अपील न्यायालयानं म्हटलं, की वंध्यत्व पुरुष आणि बाई दोघांनाही होतं, म्हणून बाईच्या शरीरावर होणारे उपचार वगळणं हा लिंगभेद नाही. मला हा युक्तिवाद पटत नाही. कारण पुरुषाच्या बाजूचं असलं तरी इंजेक्शनं आणि सुई बाईलाच सोसावी लागते. पण न्यायालयं हा प्रश्न सोडवणार नाहीत, तो विधिमंडळातच सुटेल, एवढं त्यातून स्पष्ट झालं.

हप्ता वाढेल, हा दुसरा आक्षेप. वाढतो, पण खर्च इतक्या जणांत वाटला जातो की एकूण हप्त्यातला त्याचा वाटा फार लहान असतो; मॅसॅच्युसेट्सच्या अनुभवाचा अभ्यास झाला तेव्हा तो एक टक्क्याच्याही आतच निघाला. ‘दत्तक घ्या’ हा सल्ला देणाऱ्यांनी दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबलेल्या जोडप्यांना एकदा भेटावं. दत्तक ही स्वतंत्र, सुंदर गोष्ट आहे. ती उपचार नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही.

खरा जड आक्षेप डावीकडून येतो: या कायद्यांचा लाभ श्रीमंतांनाच होतो. तो बऱ्याच अंशी खरा आहे. २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच एका अभ्यासात दिसलं, की सक्तीचा विमा असूनही उपचाराला येणाऱ्यांत गोऱ्या, उच्चशिक्षित, चांगलं उत्पन्न असलेल्या जोडप्यांचंच प्रमाण मोठं होतं. मॅरिअॅन बिटलर आणि ल्युसी श्मिट या अर्थतज्ज्ञांनाही २००६ मध्ये आढळलं, की कायद्यांमुळे वंश आणि शिक्षण यांतली दरी कमी झाल्याचा पुरावा नाही. कारण शोधायला लांब जायला नको. गरिबांची मेडिकेड योजना बहुतेक राज्यांत आयव्हीएफ देत नाही. रोजंदारीवरच्या बाईला सोनोग्राफीसाठी दर दोन दिवसांनी सकाळी रजा मिळत नाही. केंद्रं मोठ्या शहरांत एकवटलेली असतात. पण याचा निष्कर्ष कायदा निरुपयोगी असा निघत नाही. खासगी विम्यावर सक्ती करून जेवढं होतं तेवढंच झालं. त्याच्या पलीकडे सार्वजनिक रुग्णालय आणि सार्वजनिक पैसा लागतो.

आपल्याकडचं ‘एक्सक्लुजन १७’

हीच मोजपट्टी भारतात आणली तर चित्र विचित्र दिसतं. विमा नियामक प्राधिकरणानं पॉलिसींमधल्या वगळण्याच्या कलमांची भाषा एकसारखी केली, त्यात सतराव्या क्रमांकावर वंध्यत्व आहे: कृत्रिम गर्भधारणा, आयव्हीएफ, सरोगसी, सगळं बाहेर. हे वगळलंच पाहिजे अशी सक्ती नाही. वगळायचं असेल तर या शब्दांत वगळा, एवढंच. काही नव्या पॉलिसी प्रतीक्षाकाळ आणि मर्यादा घालून थोडंफार देऊ लागल्या आहेत. बहुसंख्य पॉलिसी देत नाहीत. आपल्याकडे गर्भनलिका बंद होण्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग हे एक महत्त्वाचं कारण आहे. त्या क्षयाची औषधं सरकार मोफत देतं, रुग्णालयात भरती झाल्यास विमाही पैसे देतो. त्याच क्षयानं नलिका बंद केल्या, की पुढचं ज्याचं त्यानं पाहावं.

आणि २०२१ च्या सहायक पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायद्यानं काय केलं? बीजांड दान करणाऱ्या बाईचा बारा महिन्यांचा विमा उतरवणं बंधनकारक केलं. सरोगसीच्या कायद्यानं सरोगेट आईसाठी छत्तीस महिन्यांचा विमा सक्तीचा केला. दोन्ही तरतुदी योग्य आहेत. पण त्यांचा अर्थ असा, की बीजांडं काढण्यातून उद्भवणाऱ्या गुंतागुंतीची किंमत आपल्या विमा कंपन्यांना ठरवता येते. ती दान करणाऱ्या बाईसाठी ठरवता येते, तर रुग्ण बाईसाठी या उपचाराची किंमत ठरवता येणार नाही, हे कसं मानायचं? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेत अटींसह तीन सायकलींपर्यंत, प्रत्येकी ६५,००० रुपयांपर्यंतची भरपाई मिळते. मंत्रालयातल्या कारकुनाला जे कळतं ते खासगी पॉलिसीत मांडता येण्यासारखं आहे.

लोकसंख्येची भीती घालणाऱ्यांसाठी एक आकडा पुरेसा आहे: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजननदर १.७ निघाला, म्हणजे लोकसंख्या स्थिर ठेवायला लागणाऱ्या २.१ च्या बराच खाली.

आपल्याकडे पुढची वाट अमेरिकेपेक्षा वेगळी असेल, कारण आपल्यातल्या बहुसंख्य लोकांचा आजार मालकाच्या पॉलिसीवर चालत नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएममध्ये, महापालिकेच्या रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्या संशोधन संस्थेतले डॉ. आनंद कुमार यांच्या चमूच्या हातून हर्षा चावडाचा जन्म झाला. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेलं हे भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ सरकारी पैशावर आणि सरकारी प्रयोगशाळेच्या आधारावर जन्मलं. त्यानंतरच्या दशकांत हा उपचार जवळजवळ पूर्णपणे खासगी केंद्रांकडे गेला, आणि सायकलचा खर्च दीड-दोन लाखांच्या घरात स्थिरावला. गोव्यानं २०२३ मध्ये बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात आयव्हीएफ मोफत सुरू केलं. गोव्यासारख्या लहान राज्यात एक केंद्र पुरू शकतं. महाराष्ट्रात एका शहरातलं केंद्र पुरणार नाही: नंदुरबारहून किंवा गडचिरोलीहून सोनोग्राफीसाठी दिवसाआड मुंबईला येता येत नाही. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, धुळे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत भ्रूणतज्ज्ञाची पदं मंजूर व्हावी लागतील, इन्क्युबेटरसाठी अखंड वीज लागेल, आणि बीजांडं वाढवणाऱ्या महागड्या इंजेक्शनांची सरकारी खरेदी एकत्रितपणे करावी लागेल, कारण प्रयोगशाळा मोफत आणि इंजेक्शनं बाहेरून आणा, असं झालं तर निम्मं बिल पेशंटच्याच हातात राहील.